कमरेची मोजपट्टी आणि मानेची धमनी

चेन्नईच्या टी. नगर आणि तिरुमंगलम या दोन वस्त्यांत १९९०च्या दशकाच्या अखेरीस डॉ. व्ही. मोहन आणि सहकाऱ्यांनी पाहणी केली. १,२६२ प्रौढांत हृदयधमनीविकाराचे प्रमाण ११ टक्के निघाले. मानेतल्या धमनीच्या भिंतीची जाडीही सोनोग्राफीने मोजली गेली. मधुमेह नसलेल्यांत ती सरासरी ०.७४ मिलिमीटर, तर मधुमेहींत ०.९५ भरली. फरक केसाच्या जाडीचा वाटेल, पण धमन्यांचे दुखणे अशाच मापात वाढते. त्याची सुरुवात बऱ्याचदा पोटात होते. कातडीखालची चरबी तशी सोशिक. आतड्यांभोवतीची मात्र सतत मेदाम्ले सोडते आणि ती थेट यकृतात पोचतात. यकृत इन्सुलिनला जुमानेनासे होते, ट्रायग्लिसराइडने भरलेले कण रक्तात ढकलत राहते. एचडीएल हे ‘चांगले’ कोलेस्टेरॉल घटते, एलडीएल या ‘वाईट’ कोलेस्टेरॉलचे कण बारीक आणि दाट होऊन धमनीच्या अस्तरात शिरतात. नायट्रिक ऑक्साइड तयार करून वाहिनी सैल ठेवणे हे अस्तराचे काम, तेही मंदावते. फुगलेल्या चरबीपेशी दाह वाढवतात, तो वेगळाच.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की जाड माणसे ठणठणीत असतात आणि सडपातळ माणसाला झटका येतो. खरे आहे, म्हणूनच ठपका वजनावर ठेवून भागत नाही, चरबी कुठे साठली ते पाहावे लागते. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापलेला फोटो हेच सांगतो: दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, २२.३, पण शरीरातली चरबी याज्ञिकांची २१.२ टक्के, युडकिनांची ९.१. दुसरा आक्षेप वजनदार आहे. दोन गोष्टी बरोबर आढळल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरते का? अमेरिकेत मधुमेहींचे वजन आहार-व्यायामाने उतरवणारा ‘लुक अहेड’ प्रयोग हृदयविकार कमी न झाल्याने २०१२ साली थांबवावा लागला. उलट २०२३च्या ‘सिलेक्ट’ चाचणीत, मधुमेह नसलेल्या पण हृदयविकार असलेल्या १७,६०४ स्थूल वा वजन जास्त असलेल्या लोकांत वजन उतरवणाऱ्या सेमाग्लुटाइड या औषधाने झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण २० टक्क्यांनी घटवले. अर्थात हे औषध वजनाखेरीज इतर वाटांनीही काम करत असणार, तेव्हा निकाल अजून पुरता लागलेला नाही. तरी माझ्या मते पुराव्याचे पारडे पोटातल्या चरबीकडेच झुकते. म्हणून वजनकाट्याबरोबर मोजपट्टीही घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून मोजा. भारतीय पुरुषांसाठी मर्यादा ९० सेंटिमीटर, स्त्रियांसाठी ८०.