डच पूर्वजाचा माग

आजचें न्यूयॉर्क १६६४ सालीं इंग्रजांनीं घेतलें. तोंवर तें डचांचें न्यू ॲम्स्टरडॅम होतें. तेथील एखाद्या डच पूर्वजापर्यंत वंशावळ नेऊं पाहणारे लोक प्रथम आडनांवाच्या पाठीस लागतात आणि फसतात. पुष्कळ कुटुंबांना त्या काळीं कायमचें आडनांवच नव्हतें. पीटरचा मुलगा यान पीटरसेन, तर यानचा मुलगा पीटर यानसेन ! आपलें मधलें नांव पिढीगणिक बदलतें तसेंच हें.

खरा आधार डच रिफॉर्म्ड चर्चच्या दफ्तराचा. तेथील बाप्तिस्म्याच्या नोंदी १६३९ पासूनच्या आहेत. मी तर प्रथम साक्षीदारांचा रकाना वाचीन. तेथें बहुधा आजा, मामा, मावशी भेटतात. आईची नोंद असेल तेथें ती माहेरच्या नांवानें. आमच्या वंशावळींत तिला जागाच नसते !

‘व्हान’ म्हणजे ‘अमुक ठिकाणचा’, आपल्या ‘कर’ प्रत्ययासारखा. मात्र तेवढ्यावरून माणूस डच समजूं नये. याच दफ्तरांत ‘व्हान अंगोला’ अशा नांवांचे, आफ्रिकेंतून गुलाम करून आणलेले लोकही आहेत. त्यांचे विवाह व मुलांचे बाप्तिस्मे तेथें नोंदलेले आहेत, आणि त्यांच्या वंशजांना पूर्वजाचें नांव सांगणारा दुसरा कागद क्वचितच सांपडतो.