चाळीस बाळांचं गाव आणि मुलींचा आकडा

‘बेटी बचाओ, बेटी पढाओ’ योजनेतला गुड्डा-गुड्डी फलक म्हणजे गावात किती मुलगे आणि किती मुली जन्मल्या, हे चारचौघांत सांगणारी पाटी. समजा, बाळापूर तालुक्यातल्या एखाद्या लहान गावात वर्षभरात ४० बाळं जन्मली. २५ मुलगे, १५ मुली. म्हणजे हजार मुलग्यांमागे मुली ६००. असा आकडा आढावा बैठकीत आला की आशाताईंना जाब विचारला जाणार आणि गावावर गर्भलिंगनिदानाचा शिक्का बसणार. शेजारच्या गावात २४ मुली, १६ मुलगे. तिथला आकडा १५००, आणि सरपंचांचा सत्कार!

प्रत्यक्षात दोन्ही गावं अगदी सारखी असू शकतात. हे पडताळायला दवाखान्यातल्या कॉम्प्युटरवरचं एक्सेल पुरतं. निसर्गतः साधारण १०० मुलींमागे १०५ मुलगे जन्मतात. एक्सेलला शून्य ते एकमधला कुठलाही आकडा काढायला सांगायचं. तो ०.४८८ पेक्षा लहान आला तर मुलगी, नाहीतर मुलगा. असे ४० आकडे म्हणजे एक गाव, हजार ओळी म्हणजे हजार गावं. या गावांत सोनोग्राफी मशीनच नाही. तरीही शंभरातली दहाएक गावं ६०० किंवा त्याखाली येतात आणि जवळपास तितकीच १५०० किंवा त्यावर जातात.

ही युक्ती सुचली तीही एका रुग्णाला. १९४६ मध्ये मेंदूज्वरातून बरे होताना गणितज्ञ स्टॅनिस्लाव उलाम एकट्यानं पत्ते खेळत बसत. डाव सुटण्याची शक्यता कागदावर काढणं किचकट, त्यापेक्षा शंभर डाव मांडून मोजावेत, असं त्यांच्या मनात आलं. त्यातून ‘माँटे कार्लो’ पद्धत निघाली.

आता त्याच एक्सेलमध्ये गावाची पाच वर्षं एकत्र करा, म्हणजे २०० जन्म. ६०० चा आकडा आता हजारात एखाद्याच गावात दिसतो. तालुक्याएवढे ४,००० जन्म घेतले, तर शंभरातल्या ९५ वेळा आकडा साधारण ८९० ते १,०१५ मध्येच राहतो. तेव्हा एका वर्षाच्या पाटीवरून गावाला बोल लावणं किंवा हार घालणं, दोन्ही उतावीळपणाच.

याचा अर्थ सगळं नशिबाचं, असा मात्र काढू नये. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या, आणि ही मोजणी सव्वा कोटीहून अधिक मुलांची. एवढ्या संख्येत योगायोगाला जागा उरत नाही. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा १९८८ मध्ये याच राज्यानं केला, तरी ही गत!

खरा माग काढायचा तर घरातलं दुसरं बाळ पाहावं. प्रभात झा आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये देशभरातल्या, १९९७ सालच्या लाखाहून अधिक जन्मांचा अभ्यास मांडला. पहिली मुलगी असलेल्या घरांत दुसऱ्या खेपेला हजार मुलग्यांमागे मुली होत्या ७५९.