जैन ठिबक

जैन ठिबक हे जळगाव येथील जैन इरिगेशन सिस्टिम्स लिमिटेड या कंपनीच्या ठिबक सिंचन संचांचे प्रचलित नाव आहे. ही कंपनी पीव्हीसी नळ, केळीची ऊतिसंवर्धित रोपे, निर्जलित कांदा, फळांचा गर आणि सौर पंप अशी अनेक उत्पादने तयार करते. तरीही जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत, म्हणजेच खानदेशात, 'जैन' या नावासरशी शेतकऱ्याच्या डोळ्यांपुढे येते ती शेतात अंथरलेली ठिबकची काळी नळी. ठिबक हे कंपनीचे पहिले उत्पादन नव्हते आणि या तंत्राचा शोधही कंपनीने लावलेला नाही. असे असूनही तेच तिचे ओळखीचे उत्पादन ठरले.

पार्श्वभूमी

कंपनीचे संस्थापक भवरलाल जैन यांचा जन्म १२ डिसेंबर १९३७ रोजी जळगाव जिल्ह्यातील जामनेर तालुक्यातल्या वाकोद या गावी झाला. वाणिज्य आणि कायदा या विषयांचे शिक्षण घेतल्यानंतर शासकीय सेवेची संधी असताना त्यांनी व्यापाराचा मार्ग निवडला. १९६३ मध्ये कुटुंबाच्या बचतीतील सात हजार रुपयांच्या भांडवलावर त्यांनी रॉकेलविक्रीचा व्यवसाय सुरू केला. पुढे ट्रॅक्टर, खते, बियाणे, तुषार सिंचन संच व पीव्हीसी नळ यांच्या विक्रीचे काम त्याला जोडले गेले. या काळात तयार झालेले ग्रामीण विक्रेत्यांचे जाळे पुढील उद्योगांचा पाया ठरले.

१९७८ मध्ये केळीची भुकटी तयार करणारा एक बंद कारखाना विकत घेऊन जैन यांनी तेथे पपईच्या चिकापासून पपेन हे विकर तयार करण्यास प्रारंभ केला. १९८० मध्ये पीव्हीसी नळांचे उत्पादन सुरू झाले. नदीकाठच्या किंवा दूरच्या विहिरीवरून शेतापर्यंत पाणी वाहून आणण्यासाठी या नळांना मोठी मागणी होती. जैन इरिगेशन सिस्टिम्स ही कंपनी १९८६ च्या अखेरीस स्थापन झाली आणि १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात ठिबक संचांचे उत्पादन हाती घेण्यात आले.

ठिबक सिंचनाचे आधुनिक तंत्र इस्रायलमधील अभियंता सिम्खा ब्लास यांच्या प्रयोगांतून विकसित झाले. १९६५ मध्ये हात्झेरिम या किबुत्झमध्ये नेटाफिम या कंपनीच्या रूपाने त्याचे व्यापारी उत्पादन सुरू झाले. भारतात हे तंत्र प्रथम कृषी विद्यापीठांच्या प्रक्षेत्रांवर आणि मोठ्या बागायतदारांच्या शेतांत दिसत होते. ते लहान धारणक्षेत्राच्या शेतापर्यंत नेण्याच्या कामाशी जैन यांचे नाव जोडले गेले.

रचना व कार्य

ठिबक संच हा सुट्या भागांची एक साखळी असतो. विहिरीतून अथवा कूपनलिकेतून उपसलेले पाणी प्रथम गाळण यंत्रणेतून जाते. पाण्यात शेवाळ असल्यास वाळूची गाळणी आणि वाळूचे कण असल्यास हायड्रोसायक्लोन बसवतात. त्यानंतर जाळीची किंवा चकत्यांची गाळणी असते. याच ठिकाणी व्हेंचुरी किंवा खताची टाकी जोडून विद्राव्य खते पाण्यात मिसळता येतात. तेथून पाणी जमिनीखाली पुरलेल्या पीव्हीसीच्या मुख्य व उपमुख्य नळांतून पिकाच्या ओळीपर्यंत पोहोचते. ओळीत अंथरलेली नळी, जिला व्यवहारात 'लॅटरल' म्हणतात, ती पॉलिथिलीनची असते आणि तिचा व्यास बहुधा १२, १६ किंवा २० मिलिमीटर असतो. शेवटच्या टोकाला ती दुमडून बंद केलेली असते.

या नळीवर बाहेरून तोट्या टोचल्या असता त्या रचनेला 'ऑनलाइन' आणि तोट्या कारखान्यातच नळीच्या आत ठरावीक अंतरावर बसवलेल्या असता 'इनलाइन' असे म्हणतात. आंबा, लिंबू यांसारख्या विरळ फळझाडांना पहिली पद्धत सोयीची पडते. केळी, कापूस, ऊस, भाजीपाला अशा ओळीच्या पिकांना दुसरी. तोटीच्या आत पाण्याला नागमोडी वाटेने जावे लागते. त्यामुळे दाब कमी होऊन तासाला साधारण २ ते ८ लिटर इतकेच पाणी बाहेर पडते. नळीचा काळा रंग पॉलिथिलीनमध्ये मिसळलेल्या काजळीमुळे येतो. या काजळीमुळे उन्हातील अतिनील किरणांपासून प्लॅस्टिकचे रक्षण होते आणि आत प्रकाश न शिरल्याने शेवाळही धरत नाही.

पाटाने पाणी देताना बरेचसे पाणी पाझरून, वाहून किंवा बाष्प होऊन वाया जाते. ठिबकमध्ये ते थेट मुळांच्या कक्षेत पडत असल्याने दिलेल्या पाण्यापैकी सुमारे ९० टक्के पाणी पिकाच्या उपयोगी पडू शकते. मात्र यासाठी गाळण्या वेळेवर धुणे, नळ्यांची टोके उघडून साचलेला गाळ काढणे आणि क्षार बसल्यास आम्लप्रक्रिया करणे आवश्यक असते. ही निगा न राखल्यास तोट्या चोंदतात आणि एकाच ओळीतील काही झाडे उपाशी, तर काही तुडुंब अशी स्थिती होते.

केळी आणि ठिबक

जळगाव जिल्ह्यातील रावेर, यावल, चोपडा व मुक्ताईनगर हे तालुके केळीसाठी प्रसिद्ध असून जळगाव केळीला २०१६ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. येथे लागवडीच्या हंगामानुसार बागांना 'मृगबाग' आणि 'कांदेबाग' अशी नावे आहेत. दीड मीटर बाय दीड मीटर अंतरावर लागवड केल्यास हेक्टरी सुमारे ४,४४४ झाडे बसतात आणि उन्हाळ्यात त्या प्रत्येकाला रोज पाणी लागते. वीज ठरावीक तासच उपलब्ध असताना एवढ्या झाडांना पाटाने पाणी पुरवणे कठीण जात असे.

१९९० च्या दशकात कंपनीने ग्रँड नैन या वाणाची ऊतिसंवर्धित रोपे उपलब्ध करून दिली. कंदांपासून लावलेल्या बागेतील झाडे मागेपुढे निसवत आणि काढणी लांबत असे. बागेला सुमारे दीड वर्ष लागे. ऊतिसंवर्धित रोपांची वाढ एकसारखी होत असल्याने बाग सुमारे वर्षभरात काढणीस येऊ लागली. मात्र या रोपांना पाणी व खत नेमके आणि वारंवार द्यावे लागते, आणि ते ठिबकमुळेच शक्य होते. त्यामुळे रोप, नळी आणि विद्राव्य खत ही एकत्रच स्वीकारली गेली. खानदेशातील केळीच्या शेतीत ठिबक रुजण्यामागे हे एक महत्त्वाचे कारण मानले जाते.

ओळखीचे उत्पादन

अनेक वस्तू तयार करणाऱ्या उत्पादकाची ओळख बहुधा एकाच वस्तूशी जोडली जाते. घडीच्या चाकूंच्या उद्योगात याची ठळक उदाहरणे आढळतात. अमेरिकेतील बक या कंपनीचा १९६४ मध्ये बाजारात आलेला '११०' हा चाकू इतका रूढ झाला, की तशा घडणीच्या कोणत्याही चाकूला तेथे 'बक नाइफ' म्हटले जाऊ लागले. फ्रान्समधील ओपिनेलचा लाकडी मुठीचा चाकू १८९० पासून मूळ रूप टिकवून आहे. स्वित्झर्लंडमधील व्हिक्टोरिनॉक्सची ओळख १८९७ मध्ये नोंदवलेल्या बहुपयोगी चाकूशी निगडित आहे. यांपैकी बकचा '११०' हा त्या कंपनीचा पहिला चाकू नव्हता. कंपनीची काम करण्याची पद्धत ज्यात सर्वाधिक स्पष्ट दिसते, ती वस्तू तिची ओळख ठरली.

जैन इरिगेशनच्या बाबतीत कालक्रमाने पहिला मान पपेनला जातो. पीव्हीसी नळांचा व्यवसाय जुना आणि मोठा आहे. पण पपेन स्थानिक शेतकऱ्याच्या वापरात येत नाही, आणि नळ दुकानातून उचलून आणून कोणालाही जोडता येतो. ठिबकचे तसे नाही. त्यासाठी शेताची मोजणी, उतार, विहिरीचे पाणी, पंपाचा दाब आणि पिकाचे अंतर पाहून आराखडा करावा लागतो. संच बसवून द्यावा लागतो आणि नंतर सल्लाही द्यावा लागतो. विक्रेता, अभियंता व कृषितज्ज्ञ यांची साखळी उभी करणे हेच कंपनीचे मुख्य वैशिष्ट्य मानले जाते आणि ते ठिबकमध्येच पूर्णपणे प्रकट होते. ठिबकच्या विविध प्रकारांतही ओळीच्या पिकांसाठीची इनलाइन नळी ही खानदेशात सर्वाधिक परिचित आहे.

१९९० च्या दशकात कंपनीने मूळ क्षेत्राबाहेरील काही व्यवसायांत गुंतवणूक केली. ती तोट्यात गेल्यानंतर कंपनी पुन्हा शेतीशी संबंधित उत्पादनांकडे वळली. पुढे २००७ मध्ये इस्रायलमधील नानदान या सिंचन कंपनीत तिने निम्मा हिस्सा घेतला आणि २०१२ मध्ये उर्वरित हिस्साही मिळवला. कर्जाचा भार वाढल्याने २०१९ पासून कंपनी आर्थिक अडचणीत आली. २०२३ मध्ये तिचा परदेशातील सिंचन व्यवसाय रिव्हुलिस या कंपनीत विलीन करण्यात आला; भारतातील ठिबक व्यवसाय मात्र जळगावकडेच राहिला. भवरलाल जैन यांना २००८ मध्ये पद्मश्री पुरस्कार मिळाला. २५ फेब्रुवारी २०१६ रोजी त्यांचे निधन झाले.

अनुदान व मानके

ठिबकचा प्रसार मोठ्या प्रमाणावर शासकीय अनुदानाशी निगडित आहे. २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री कृषी सिंचन योजनेच्या 'प्रति थेंब अधिक पीक' या घटकाखाली अल्प व अत्यल्प भूधारकांना ठरवून दिलेल्या खर्चाच्या ५५ टक्के आणि इतर शेतकऱ्यांना ४५ टक्के अनुदान देण्याची तरतूद आहे. महाराष्ट्र शासनाने पूरक अनुदान देऊन हे प्रमाण अनुक्रमे ८० आणि ७५ टक्क्यांपर्यंत वाढवले. अनुदानासाठी साहित्य भारतीय मानक ब्यूरोच्या निकषांप्रमाणे असावे लागते. तोट्यांसाठी आयएस १३४८७, इनलाइन नळीसाठी आयएस १३४८८ आणि साध्या लॅटरलसाठी आयएस १२७८६ ही मानके आहेत. एकाच मानकाखाली अनेक उत्पादक आल्याने बाजारातील स्पर्धा वाढली.

मर्यादा व चर्चा

ठिबकमुळे शेतातील पाण्याची बचत होते. भूजलाची बचत होतेच असे नाही. वाचलेले पाणी विहिरीत राखून ठेवण्याऐवजी त्यावर आणखी क्षेत्र भिजवले गेले, किंवा अधिक पाण्याचे पीक घेतले गेले, तर एकूण उपसा कमी होत नाही. पाटाने दिलेल्या पाण्यातील जो भाग पूर्वी झिरपून पुन्हा भूजलात मिळत असे, तोही घटतो. केळीचे आगर असलेले रावेर आणि यावल हे तालुके भूजल मूल्यमापनात अतिशोषित म्हणून नोंदले गेले आहेत आणि त्याच तालुक्यांत ठिबकचा वापर मोठा आहे. त्यामुळे ठिबकला पुनर्भरण व पीकनियोजनाची जोड आवश्यक असल्याचे मत मांडले जाते. उंदीर व खारी यांनी नळ्या कुरतडणे, दर हंगामात नळ्या गुंडाळण्याची मजुरी आणि निकामी प्लॅस्टिकची विल्हेवाट या व्यावहारिक अडचणीही आहेत.

धुळे जिल्ह्यात पांझरा नदीवरील पारंपरिक फड पद्धती या संदर्भात उल्लेखनीय ठरते. नदीवर बंधारा बांधून पाटाने आणलेले पाणी गावाच्या सामाईक व्यवस्थेनुसार फडाफडांत वाटले जात असे. कोणत्या फडात कोणते पीक घ्यायचे हेही गाव ठरवी आणि वाटपाचे काम पाटकरी पाही. फड पद्धतीत पाणी उतारावरून मोकळे वाहते, पण त्यावर गावाचे नियंत्रण असते. ठिबकमध्ये थेंबाथेंबाचा हिशेब राहतो, पण विहिरीतून किती उपसायचे हा निर्णय एकट्या शेतकऱ्याचा असतो. खानदेशातील पाणीप्रश्नाच्या अभ्यासात या दोन्ही व्यवस्थांची तुलना उपयुक्त ठरते.

हे सुद्धा पहा

ठिबक सिंचन
भवरलाल जैन
जळगाव केळी
फड पद्धती