बैलाला लस टोचली, बाळाची राहिली



आपल्या कार्यक्रमात नेहमी बी-बियाणे, खते आणि कीड-रोगांविषयी बोलणे होते. आजचा विषय घरातल्या लेकरांचा आहे. मी डॉक्टर नाही, शेतकी खात्यातला माणूस आहे. पण गावोगाव फिरताना जे पाहिले ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

माझ्या भागातल्या एका गावी मे महिन्याच्या अखेरीस जनावरांना लस टोचण्याचे शिबिर होते. एका शेतकऱ्याने दोन बैल आणि एक गाय आणून घटसर्प-फऱ्याची लस टोचून घेतली. त्याच आठवड्यात अंगणवाडीत मुलांचे लसीकरण होते. घरात नऊ महिन्यांचा नातू. "पेरणी उरकली की नेऊ," असे ठरले. पेरणी झाली, कोळपणी आली, मग खुरपणी. सुई राहून गेली ती गेलीच. माघात वस्तीवर गोवर आला. घरच्यांनी पोराला अंधाऱ्या खोलीत ठेवले, उशाशी लिंबाचा पाला ठेवला. पुढे पोराला धाप लागली तेव्हा तालुक्याला नेले. पोर वाचले, पण कान वाहू लागला आणि आता त्याला त्या कानाने कमी ऐकू येते. आजोबा मला म्हणाले, "साहेब, बैल सांभाळले, नातवाला विसरलो."

त्यांना मी काय बोलणार? खरिपाच्या धावपळीत माझ्या स्वतःच्या मुलीची दीड वर्षाची सुई मी दोन महिने पुढे ढकलली होती. नशिबाने काही झाले नाही. पण नशिबावर कोणी शेती करत नाही.

लस काम कशी करते?

आपण पेरणीआधी बियाण्याला औषध चोळतो. मर लागल्यावर बीजप्रक्रिया करून उपयोग नसतो. लसीचेही तसेच आहे. लसीत रोगाचे दुबळे केलेले किंवा मेलेले जंतू, नाहीतर जंतूचा एखादा अंश असतो. त्यापासून सहसा रोग होत नाही, पण शरीर त्या जंतूची ओळख धरते आणि त्याच्याशी लढण्याची तयारी करून ठेवते. पुढे खरा जंतू आला की शरीर गाफील सापडत नाही. काही रोगांना एका डोसाने पुरेशी ताकद येत नाही, म्हणून पुन्हा पुन्हा डोस द्यावे लागतात. पहिले दोन दिले आणि तिसरा सोडला, तर काम अर्धवट राहते.

हे जुने ज्ञान गोठ्यातूनच आले

गाईच्या सडावर फोड येणारा एक सौम्य रोग ज्यांना होऊन गेला, त्या गवळणींना देवी येत नाहीत, असे इंग्लंडात लोक म्हणत. त्यावरून जेन्नर नावाच्या डॉक्टराने १७९६ साली देवीची लस काढली. आपल्या देशातली पहिली लस १८०२ साली मुंबईत तीन वर्षांच्या एका मुलीला टोचली गेली. १९७५ नंतर भारतात देवीचा रोगी झाला नाही आणि १९८० साली जगातून देवी गेल्याचे जाहीर झाले. जनावरांतली बुळकांडीही लसीमुळेच गेली. २०११ साली ती जगातून संपल्याची घोषणा झाली. आजवर पुरते उखडले गेलेले रोग हे दोनच: एक माणसाचा, एक गुरांचा. आपल्या देशात पोलिओचा शेवटचा रोगी १३ जानेवारी २०११ रोजी सापडला आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त ठरला. पण शेजारच्या देशांत तो पुरता संपलेला नाही, म्हणून डोस चालू ठेवायचे.

घटसर्प एक नव्हे, दोन

काही जण विचारतात, "घटसर्प तर गुरांचा रोग, पोरांना त्याची लस कशाला?" नाव एक असले तरी रोग वेगळे आहेत. मुलांच्या घटसर्पात घशात पांढरट पापुद्रा धरतो आणि श्वास कोंडतो. धनुर्वात मात्र आपल्या अगदी जवळचा. त्याचे जंतू शेतातल्या मातीत आणि शेणात असतात. म्हणून गरोदरपणी बाईला धनुर्वाताची सुई द्यावी, बाळंतपण दवाखान्यातच करावे आणि बाळाच्या नाळेला शेण, राख, तेल काहीही लावू नये.

कोणती लस केव्हा?

- जन्मल्यावर: बी.सी.जी. (क्षयासाठी), पोलिओचे थेंब, कावीळ ब ची सुई.
- दीड, अडीच व साडेतीन महिने: पोलिओचे थेंब, पंचगुणी लस (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि हिब जंतूचे आजार), रोटाचे थेंब (जुलाबासाठी). दीड व साडेतीन महिन्यांना यांबरोबर पोलिओची सुई आणि न्यूमोनियाची लस.
- नऊ महिने पुरे झाल्यावर: गोवर-रुबेला, न्यूमोनियाचा व पोलिओच्या सुईचा पुढचा डोस, 'अ' जीवनसत्त्व.
- सोळा ते चोवीस महिने: गोवर-रुबेलाचा दुसरा डोस, त्रिगुणी व पोलिओचा बूस्टर.
- पाच ते सहा वर्षे: त्रिगुणीचा दुसरा बूस्टर.
- दहा व सोळा वर्षे: धनुर्वात-घटसर्पाची सुई.

सरकारी दवाखान्यात, उपकेंद्रात आणि अंगणवाडीच्या सत्रात हे सर्व मोफत मिळते.

नेहमीच्या शंका

*लस दिली की ताप येतो.* येतो, एक-दोन दिवस. सुईच्या जागी थोडी सूजही येते. नर्सताई सांगतील तेवढेच तापाचे औषध द्यावे. हळद, चुना, तंबाखू लावू नये, चोळू नये. लस दिल्यावर अर्धा तास तिथेच थांबावे. ताप उतरत नसेल किंवा बाळ मलूल दिसले, तर दवाखान्यात न्यावे. बी.सी.जी.च्या जागी काही आठवड्यांनी फोड येऊन वण राहतो. ते चांगलेच लक्षण आहे.

*बाळाला सर्दी आहे.* साध्या सर्दी-पडशाने लस चुकवू नये.

*तारीख हुकली.* पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, राहिलेला डोस पुढे देता येतो. पण काही लसींना वयाची मर्यादा आहे, म्हणून लगेच जावे.

*ऊसतोडीला जायचे आहे.* लसीकरणाचे कार्ड बरोबर न्यावे. जिथे जाल तिथल्या सरकारी केंद्रात पुढचा डोस मिळतो.

सत्राला सकाळीच जावे. लस दोन ते आठ अंश थंडाव्यात ठेवावी लागते आणि गोवराची कुपी एकदा तयार केली की चार तासांतच वापरावी लागते.

लसीबरोबर हेही हवे

पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचे दूध द्यावे, पाणीसुद्धा नको. त्यानंतर दुधाबरोबर मऊ भात-वरण, नाचणीची खीर, अंडे असे घरचे अन्न सुरू करावे. जुलाब झाल्यास क्षार-संजीवनीचे पाणी आणि जस्ताच्या गोळ्या द्याव्यात. आणि एक सांगणे माझ्या खात्याचे: कीटकनाशकाच्या रिकाम्या डब्यात पाणी, तेल, धान्य कधीही ठेवू नये. फवारणीच्या कपड्यांनी लेकराला उचलू नये.

शेवटी माझे स्पष्ट मत सांगतो. गुरांना लस टोचायला घरचा कर्ता स्वतः जातो आणि बाळाची लस मात्र एकट्या बाईवर सोडतो. तिची मजुरी बुडते, म्हणून तारीख टळते. त्या दिवशी बापाने किंवा आजोबांनी बाळाला घेऊन जावे. त्यात कमीपणा काही नाही. पेरणी दोन दिवसांनी करता येते, पण पोराचा गेलेला कान परत येत नाही.

आज रात्री जेवणे झाली की कार्ड काढा आणि पुढची तारीख पाहा. वाचता येत नसेल तर आशाताईंना विचारा.