यहुदी कीं बेने इस्रायल?

दिंडोरीसारख्या घाटावरील गांवांत ‘शनवार तेली’ हे शब्द कानीं पडले, तर ऐकणारास ती तेल्यांची एखादी पोटजात वाटेल. कोकणांत, आजच्या रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, शनवारीं घाणा बंद ठेवणाऱ्या यहुदी कुटुंबांना हें नांव पडलें होतें. तीं मात्र स्वतःस ‘यहुदी’ न म्हणवितां ‘बेने इस्रायल’, म्हणजे इस्रायलचीं लेंकरें, म्हणवीत. ह्या निवडीमागें इस्लाम आणि यहुदी धर्म ह्यांच्यांतील शेंकडों वर्षांच्या वादाची छाया आहे, असें अभ्यासक मानतात.

मुसलमान पंडितांचा पूर्वपक्ष असा कीं, मूसाचा ग्रंथ ईश्वरदत्तच. परंतु यहुद्यांनीं त्याच्या पाठांत किंवा अर्थांत फेरफार केला आणि पुढें कुराणानें तो रद्द झाला. यहुद्यांचें उत्तर, ईश्वर आपली आज्ञा फिरवीत नाहीं. अकराव्या शतकांत स्पेनमधील इब्न हझ्म ह्यानें तोरातींतील विसंगतींची जंत्रीच मांडली. ११६३ मध्यें समौअल हा यहुदी गणिती मुसलमान झाला आणि पूर्वीच्या धर्मबंधूंना निरुत्तर करण्यासाठीं त्यानें ग्रंथ लिहिला. आंतल्या माणसाचें शस्त्र अधिक धारदार असतें!

चटका लावते ती बगदादच्या इब्न कम्मूनाची हकीकत. ह्या यहुदी तत्त्वज्ञानें १२८० मध्यें यहुदी, ख्रिस्ती आणि इस्लाम ह्या तिन्ही धर्मांची शांत शब्दांत चिकित्सा केली. १२८४ मध्यें जमाव त्याच्या जिवावर उठला. चामड्यानें मढविलेल्या पेटींत घालून त्याला हिल्ला शहरीं पोंचवावें लागलें. तेथेंच तो वारला.

त्याच जगांतून अरब गलबतें कोकणच्या बंदरांत ये-जा करीत. कुराणांत ‘बनी इस्राईल’ ह्यांच्यावरील ईश्वरी कृपेचें स्मरण वारंवार येतें. ‘यहूद’ हा शब्द बहुधा निर्भर्त्सनेच्या संदर्भांत. शेजाऱ्याच्याच ग्रंथांतील गौरवाचें नांव धारण करणें ह्यांत आम्हांस भित्रेपणा नव्हे, शहाणपण दिसतें.

ह्या नांवानें एकाचे प्राण वांचले, असें बेने इस्रायलांत सांगतात. कंपनीच्या फौजेंतील अंमलदार सामाजी हसाजी दिवेकर दुसऱ्या म्हैसूर युद्धांत टिपूच्या कैदेंत पडले. धर्म विचारतां त्यांनीं ‘बेने इस्रायल’ असें सांगितलें. तें ऐकून, कुराणांत ज्यांची कथा आहे तेच हे लोक, म्हणून टिपूच्या मातेनें त्यांना जीवदान देवविलें. सुटकेनंतर १७९६ मध्यें दिवेकरांनीं मुंबईस मांडवी भागांत प्रार्थनामंदिर बांधलें. त्याचें हिब्रू नांव ‘दयेचें द्वार’ ह्या अर्थाचें आहे. बेने इस्रायलांच्या मराठींत मात्र तें ‘जुनी मशीद’.