चकती दंडाच्या जोरावर जात नाही

"माझ्या दंडात तेवढी ताकद नाही रे." भातकापणीनंतर गुंद गावातल्या एका मोकळ्या शेतात चार मित्रांना डिस्क गोल्फ, म्हणजे कमीत कमी फेकींत चकती ठरलेल्या खुणेपर्यंत पोहोचवायचा खेळ, शिकवायला घेतला, तर तिघांनी चकतीला हात लावायच्या आधीच हे सांगून टाकलं. चौथा अंगापिंडाने दणकट. त्याने होता नव्हता तो जोर लावला. चकती वर चढली, थबकली आणि डावीकडे घसरत पंधरा पावलांवर पडली. तरीही तिघांचं म्हणणं तेच!

चकती उडते ती वेग आणि गिरकी या दोहोंवर. वेगामुळे हवा तिला उचलते, गिरकीमुळे ती कलंडत नाही. फिरता भोवरा उभा राहतो, तसंच. नुसत्या दंडाने ढकललेल्या चकतीला पुरेशी गिरकी मिळत नाही. त्यात पुढची कड वर झाली, की सगळा जोर उंची गाठण्यातच संपतो. राखणदाराची गोफण आठवा. दगड लांब जातो तो अंगाच्या फिरकीने आणि नेमक्या क्षणी सोडल्याने. इथंही आधी पाय, मग कंबर, खांदा आणि अगदी शेवटी मनगट. चकती छातीजवळून सरळ रेषेत ओढायची, कड सपाट ठेवायची.

ताकद कमी पडते या समजापायीच नवखे ड्रायव्हर प्रकारची चकती विकत घेतात, 'लांब जाणारी' म्हणून. चकतीवरच्या चार आकड्यांतला पहिला वेगाचा. लांब पल्ल्याच्या ड्रायव्हरवर तो बहुतेकदा 12-13 असतो, म्हणजे तेवढा वेग दिलात तरच ती नीट उडेल. नवख्याला तो देता येत नाही आणि ती लगेच डावीकडे कोसळते. पहिले काही महिने 2-3 आकड्याची पटर किंवा 5 ची मिडरेंज चकती, बस्स. लांब फेकीचे आकडे ऐकून हुरळूही नका: डेव्हिड विगिन्स ज्युनियर या खेळाडूने 2016 मध्ये 338 मीटर फेकीचा विक्रम केला, तोही नेवाडाच्या वाळवंटात, वाऱ्याची साथ घेऊन.

उजव्या हाताने अशी छातीजवळून ओढून, म्हणजे बॅकहँड, फेकलेली चकती वेग ओसरल्यावर सहसा डावीकडे वळते. चकती खराब नसते, नेम थोडा उजवीकडे धरा.

ही झेलायची फ्रिस्बी नव्हे. कड धारदार असते, समोर माणूस असताना फेकू नका.

नेम धरायला साखळ्यांची बास्केट नसली तरी चालतं. एड हेड्रिक यांनी ती 1970च्या दशकात आणली. त्याआधी लोक झाडं आणि खांबच नेमत. त्यांनीच 1976 मध्ये स्थापलेल्या पीडीजीए या डिस्क गोल्फ संघटनेच्या नियमांत खुणेच्या वस्तूला लागलेली चकतीही आजवर ग्राह्य आहे. बांधावरच्या खुंटाला फडकं बांधा, फेकी मोजा, कमी फेकींचा जिंकला.

आणि "शेत कशाला, रान आहेच की" हे तर कृपा करून म्हणू नका. गुंदभोवतीचं रान काळी व्याघ्र प्रकल्पाचं आहे. तिथं हरवलेली चकती शोधत झुडपांत शिरायचं नसतं. सुपारीच्या बागाही नकोत; वर्षभर जपलेल्या झाडांवर कुणाच्या चकत्या आदळाव्यात, असं कोणत्या बागायतदाराला वाटेल? कापणी झालेलं शेत मालकाला विचारून घ्या, आणि बांधाजवळ गुरं चरत असतील तर ती पुढे जाईपर्यंत थांबा.