प्रचार थांबण्याचा सोमवार

पहाटे साडेपाच
१८ नोव्हेंबर २०२४. विधानसभेचा प्रचार आज संध्याकाळी सहाला थांबणार, परवा मतदान. जिल्ह्यांतून रात्रभरात आलेले अहवाल चहाआधीच वाचायला घेते. राज्यात २८८ जागा आहेत, म्हणजे माझ्या लेखी २८८ वेगळ्या निवडणुका. मराठवाड्यात आरक्षण आणि सोयाबीन, नाशिककडे कांदा, मुंबईत पुनर्विकास. मुंबईत बसून एकच घोषणा गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत चालवायची, हा सल्लागारीचा प्रकार मला कधी पटला नाही.

साडेआठ
उद्या-परवाच्या वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींना माध्यम समितीचं प्रमाणपत्र लागतं. कागद तपासून पुढे पाठवले.

अकरा
लातूर जिल्ह्यात पाठवलेल्या आमच्या टीममधल्या मुलाचा फोन. तो काही आठवडे तिथेच, एका कार्यकर्त्याच्या घरी मुक्कामाला आहे.

"ताई, सभेला गर्दी जोरात होती. पण बांधावर विचारलं की सोयाबीन निघतं, चुलीपाशी विचारलं की खात्यातले पैसे."

सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये आणि बाजारात त्याहून कितीतरी कमी. हा राग खरा आहे, आमचा सगळा प्रचार त्यावर उभा आहे. पण 'लाडकी बहीण'चे जुलै ते नोव्हेंबरचे पाच हप्ते, साडेसात हजार रुपये, दिवाळीच्या आधीच बायकांच्या खात्यात पडलेत. सरकार पक्षाने २,१०० रुपयांचं आश्वासन दिलंय, आमच्या आघाडीने ३,००० चं. आमचा शब्द आहे, त्यांचे पैसे हातात आहेत.

आमच्या सर्व्हेत हे पुरेसं दिसत नव्हतं, कारण दारात गेलं की बोलतो तो घरातला पुरुष. 'आमच्या घरची सगळी मतं तुम्हालाच' असं तो मनापासून सांगतो आणि आपण पाच मतं लिहून घेतो. म्हणून कॉल सेंटरवर मुली बसवून दुपारी दोन ते चार, म्हणजे बायकांना जरा उसंत असते तेव्हा, थेट त्यांनाच फोन लावायला सांगितलं होतं. लातूरचा मुलगा सांगतोय आणि या फोनांतून निघतंय ते एकच आहे. घर एक, मतं दोन.

अडीच
आमच्या पक्षाचे नेते, साहेब, यांच्या गाडीत, दोन सभांच्या मधली वीस मिनिटं. नेत्याभोवतीचा प्रत्येक माणूस त्याला गर्दीचे फोटो दाखवत असतो. त्यांचं प्रेम खरं असतं, पण त्याने आकडा हलत नाही. मी गर्दीचा विषय काढला नाही, बायकांचे आकडे पुढे ठेवले. साहेब बराच वेळ कागद बघत राहिले.

"मग दीड दिवसात काय करता येईल?"

"नवीन काही सांगत बसायचं नाही, साहेब. आपली आहेत ती मतं बाहेर काढायची."

याच वर्षी लोकसभेला मुंबई उत्तर पश्चिमची जागा ४८ मतांनी गेली. एका मतदान केंद्रावर दीड हजारापर्यंत मतदार असतात, त्या मानाने ४८ म्हणजे एखाद्या चाळीतली दोन मजल्यांची माणसं. ती सकाळी निघाली की नाही, हे पाहणारा बूथप्रमुखच असतो. साहेबांनी तिथूनच जिल्हाध्यक्षांना फोन लावायला घेतले.

सहा
भोंगे बंद. मतदारसंघाबाहेरच्या राजकीय माणसांनी आता तिथे थांबायचं नसतं, म्हणून आमची मुलं परत निघाली. एकगठ्ठा संदेशही बंद. इथून पुढे घरोघरी शांतपणे जायचं आणि पोलचिट द्यायची, आणि हे काम फक्त स्थानिक कार्यकर्ताच करू शकतो. त्याच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. २०१३-१४ मध्ये प्रशांत किशोर यांच्या टीमनंतर आमच्या सल्लागारीच्या धंद्याचा देशभर बोलबाला झाला, पण कुठल्या गल्लीत कोण कोणाशी बोलत नाही, हे कार्यकर्ता त्याच्या कितीतरी आधीपासून पाठ ठेवत आला आहे. आमच्या पडद्यावर ते कधीच येणार नाही.

साडेआठ
वॉर रूममध्ये जेवण. ही मुलं तेवीस-चोवीस वर्षांची, कोणी इंजिनिअर, कोणी समाजशास्त्र शिकलेली, कोणी बातमीदारी सोडून आलेला. बहुतेकांचे करार २३ तारखेला, निकालाबरोबर संपतात. पुढे कोणी दुसऱ्या राज्याच्या निवडणुकीत जाईल, कोणी घरी. अनुभवाचा दाखला, थकलेले पैसे, पुढच्या कामासाठी शिफारस, यांतलं काहीच आपोआप मिळत नाही. निकाल काहीही लागो, पैसे त्याच आठवड्यात चुकते व्हावेत म्हणून मी पक्षाच्या खजिनदारांकडून आजच लेखी घेतलंय. प्रचारात पोरांना रात्र रात्र जागवायचं आणि हरल्यावर त्यांचे फोन उचलायचे नाहीत, हे या धंद्यात सर्रास चालतं. मला ते अन्यायाचं वाटतं.

अकरा
बूथ एजंटांच्या याद्या. मतदान सातला सुरू, पण चाचणी मतदान त्याआधी दीड तास, म्हणजे एजंट साडेपाचला केंद्रावर हवा. सर्वांना एकच निरोप: संध्याकाळी यंत्र सील झालं तरी फॉर्म १७-सी ची सहीची प्रत घेतल्याशिवाय केंद्र सोडायचं नाही. किती मतं पडली याचा केंद्रनिहाय हिशेब त्यात असतो, मोजणीच्या टेबलावर तोच ताडून बघायचा. एका तालुक्यात दोन केंद्रांना अजून एजंट नाही. तालुकाध्यक्ष झोपले असतील, तरी फोन लावला. एका केंद्रासाठी त्यांनी स्वतःच्या पुतण्याचं नाव दिलं, दुसऱ्यासाठी सकाळी सातपर्यंत कळवतो म्हणाले.